छोट्या टाकीतलं पेट्रोल

प्रिय बाळा,

रविवारी फोनवर तुझ्या लेकीने मला विचारलं, "आजी, बाबा पेट्रोल भरायला विसरले म्हणून आजोबा गेले ना?" सात वर्षांची पोर, पाढा म्हणावा तसं म्हणाली. मग सूनबाईने फोन घेतला आणि हलक्या आवाजात सांगितलं, की थंडी पडली की तू रोज पहाटे खाली जातोस, गाडी चालू होते का बघतोस, पाच मिनिटं तशीच चालू ठेवून आत बसतोस आणि वर येतोस. "आई, तुम्हीच काहीतरी बोला यांच्याशी," म्हणाली. फोनवर मला ते जमणार नाही आणि समोरासमोर तर नाहीच. म्हणून लिहिते आहे. उभ्या उभ्या वाचू नकोस, बसून वाच.

तुझ्या आताच्या गाडीला त्या पहाटेच्या फेरीची गरज नाही. नव्या इथेनॉलच्या गाड्यांमध्ये इंधन आधी गरम होतं आणि मग इंजिनात जातं, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी तू खाली जातोस. म्हणजे प्रश्न गाडीचा नाही, एवढं मलाही कळतं.

आपल्या जुन्या गाडीचं निराळं होतं. तुझे बाबा वर्कशॉपचे फोरमन आणि मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी, त्यामुळे आपल्या घरात भांडणंसुद्धा इंजिनावरून व्हायची. चौकातल्या पंपावर इथेनॉल मिळायला लागलं आणि त्यांनी गाडी त्यावर चालवायचं मनावर घेतलं. मी त्यांना कागदावर दोष लिहून दिले होते. एका लिटरमधली ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश, म्हणजे स्वस्त मिळालं तरी टाकी लवकर रिकामी होणार. हवेतलं पाणी ओढून घेतं. जुनं रबर खातं. गारठ्यात त्याची वाफच होत नाही. त्यांनी तो कागद नीट वाचला आणि म्हणाले, "एवढे दोष तर माझ्यातही आहेत. चोवीस वर्षं चालवते आहेसच ना?"

आणि माझं सगळं खरं ठरलं, हे मी त्यांना विसरू दिलं नाही. पहिल्याच महिन्यात जुन्या टाकीतला गाळ सुटून फिल्टर दोनदा तुंबला. नळ्या फुगल्या, त्या त्यांनी एकेक करून बदलल्या. पण त्यांचंही खरं ठरलं, हे मी कधी मोकळेपणाने म्हटलं नाही. चढावर इंजिन खडखडायचं ते थांबलं. गॅरेजची भिंत काळी व्हायची थांबली. "जमिनीतून उपसून संपवायचं नाही गं, दरवर्षी नवं उगवायचं," असं ते म्हणायचे. मग मी विचारायची, की त्या शेतात धान्य कोण पिकवणार आणि पाणी कुठून आणणार, आणि जेवण गार होईपर्यंत आम्ही वाद घालायचो. शेजारचे शिंपीकाका म्हणायचे, "या घरात गाडी पिते आणि मालक कोरडा." तो वाद मला किती हवा होता, हे तो घालायला कोणी उरलं नाही तेव्हा समजलं.

थंडीवर उपाय म्हणून बाबांनी इंजिनाशेजारी अर्ध्या लिटरची छोटी टाकी बसवली होती. तिच्यात साधं पेट्रोल. बटण दाबलं की ते थोडंसं इंजिनात जायचं, इंजिन सुरू व्हायचं आणि मग पुढे इथेनॉलवर चालायचं. ती टाकी दर रविवारी काठोकाठ भरायची आणि स्वयंपाकघराच्या दारावरच्या तक्त्यात खूण करायची, हे काम तुझं. सतरा वर्षांचा असताना तू एकदा न भरताच खूण केलीस. मी पकडलं आणि आठ दिवस तुझ्याशी बोलले नाही. त्यानंतर तीन वर्षं तू एकही रविवार चुकवला नाहीस.

त्या सोमवारी सकाळी बाबांच्या छातीत कळ आली, तेव्हा गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा होता. बाबांना तू मागच्या सीटवर निजवलंस, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. तू बटण दाबलंस, किल्ली फिरवलीस. इंजिन नुसतं फिरत राहिलं. पुन्हा, पुन्हा. बाबा मागून म्हणाले, "घाई नको, बॅटरी बसेल." शेवटपर्यंत फोरमनच. तू बॉनेट उघडलंस आणि एवढंच म्हणालास, "रिकामी आहे." पलीकडच्या गल्लीतून दूधवाल्याची गाडी येईपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात तुझ्या आत्याने सगळ्यांदेखत विचारलं, "पेट्रोल भरायचं काम कोणाकडे होतं?" तू म्हणालास, "माझ्याकडे." आणि मी, तुझी आई, तुला म्हणाले, "नक्की भरलं होतंस ना?" भावाला ज्याच्या हलगर्जीपणाने नेलं त्याचं तोंड बघणार नाही, असं आत्याने ठरवलं ते तुझ्या लग्नालाही मोडलं नाही. सोळा वर्षं झाली.

तू भरलं होतंस, बाळा. पूर्ण भरलं होतंस. मला हे ठाऊक आहे, कारण त्या रविवारी दुपारी मी ते मोजलं. एका खोट्या खुणेपासून माझा विश्वास उडाला होता, आणि ती तीन वर्षं मी अधूनमधून तुझ्यामागे तपासणी करायची. कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं मोजपात्र आणून ठेवलं होतं. रबरी नळीने टाकीतलं पेट्रोल त्यात काढायचं, आकडा बघायचा, परत ओतायचं. तू एकदाही कमी भरलं नव्हतंस. त्या दिवशीही बरोबर पाचशे मिली होतं. तेवढ्यात घरात फोन वाजला. पात्र रंगाच्या डब्यांमागे ठेवलं, वर बशी झाकली आणि आत गेले. परीक्षेच्या पेपरांबद्दल प्राचार्य अर्धा तास बोलले. परत ओतायचं राहून गेलं.

सोमवारी मला ते खरोखर आठवलं नाही. एवढं मात्र खरं धर. चौथ्या दिवशी खुर्च्या आणायला गॅरेजमध्ये गेले आणि ती बशी दिसली. चारशे ऐंशीपर्यंत उतरलं होतं. पात्र रिकामं केलं, धुतलं आणि घरात आले. तू टेबलाशी ताट पुढ्यात घेऊन बसला होतास. माझ्याकडे न बघता म्हणालास, "विसरलोच असेन, आई." उत्तर माझ्या तोंडात होतं. मी म्हणाले, "जेव, गार होतंय."

का, ते विचारशील. बाबा गेले ते मी सोसलं. माझ्या हातून गेले हे सोसवेना, म्हणून ते तुझ्या ताटात वाढलं. वीस वर्षांच्या पोराने ते निमूट खाल्लं, आणि आता ते माझ्या नातीपर्यंत पोचलं आहे. म्हणून हे पत्र. तिला खरं सांग, माझं नाव घेऊन सांग. आणि तिने मला फोन करायचा की नाही, हे तू ठरव. मी इकडून करणार नाही.

तुझीच,
आई

काय कोणाला दिलं ते नोंदवते. या पत्राची नक्कल, माझ्याच अक्षरातली, आज सकाळी साडेदहाला तुझ्या आत्याच्या हातात दिली. तिने दारातच चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली, घडी केली आणि दार लावून घेतलं. मूळ पत्र तुझ्या मामाकडे देते आहे. तो बुधवारी तुझ्याकडे पोचेल. आत काय आहे ते त्याला सांगितलं आहे.