खिडकीखालचा बिडाचा रेडिएटर

याडी, माझे आई, आम्ही बाळापूरच्या घरात बिडाचा रेडिएटर बसवला. काश्मीरकडच्या फौजी क्वार्टरमध्ये खिडकीखाली होता ना, तसाच, पोटातून गरम पाणी फिरणारा, जाड ओतीव लोखंडी नळ्यांचा. इथं तो बघायला गल्ली लोटली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "ट्रॅक्टरचा रेडिएटर भिंतीला काहून लावला?" मी हसले आणि चहा टाकायला आत गेले. हल्ली माझं सारखं आत-बाहेर चालू असतं. एवढं लिहितानाही दोनदा उठले.

बसवला तो तुझ्या जावयांसाठी. बर्फात त्यांच्या पायाची बोटं गेली ते तू बघितलंस. त्या पायांना आता आपल्याकडची थंडीही सोसत नाही. पौषात पाय काळेनिळे पडतात, रात्रभर ठणकतात. विजेचा हीटर आणला होता, पण लाइट गेली की तो लगेच थंड, आणि लाइट तर जातेच. बीड उशिरा तापतं, पण तापलं की ऊब सोडत नाही, हे तिकडच्या हिवाळ्यांत बघितलेलं. म्हणून नागपूरच्या भंगार बाजारात गेलो. सोबत गावातले वेल्डर चाचा. ह्यांच्या मनात एक उंच, नक्षीचा भरला होता. चाचांनी त्यात पाणी भरून पंपानं दाब दिला, तर सांध्यांतून पाणी झिरपायला लागलं. मग मी बुटका, साधा, खिडकीखाली मावेल असा निवडला. ह्यांचा चेहरा उतरला. घरी तो चौघांनी मिळून टेम्पोतून उतरवला. भिंतीवर भार नको म्हणून चाचांनी त्याला खालून पाय जोडले. पाणी गच्चीवरच्या सोलरचं.

तू क्वार्टरवर आलीस तो हिवाळा या दिवसांत सारखा डोळ्यांपुढं येतो. हे वरच्या चौकीवर अडकलेले, रस्ता बंद, काही खबर नाही. दादा तुला तांड्यावरून आणून सोडतो आणि परत जातो. तू आरशांची ओढणी सावरत रेडिएटरला हात लावतेस आणि आग कुठं आहे ते शोधतेस. मी तुला खाली बॉयलरच्या खोलीत नेते. तिथला कोळसा टाकणारा माणूस तुला स्टूल देतो. त्याची भाषा तुला येत नाही, तुझी त्याला येत नाही, तरी तुम्ही दुपारभर बोलता. मी बोलवायला आले की तू म्हणतेस, "वर ऊब हाय, पण वर कुणी बोलत न्हाई." खरंच होतं ते. मी तोंडातून शब्द न काढता या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. शेवटी एका संध्याकाळी तू माझे खांदे धरलेस, मला रेडिएटरला पाठ लावून बसवलंस. आपल्या बोलीत म्हणालीस ते मराठीत लिहिते: "तू फिरल्यानं जावई लवकर येत न्हाईत. बस." मी बसले, तुझ्या ओढणीत तोंड घालून रडले. पुढं ते स्ट्रेचरवरून आले, तेव्हा त्यांच्या पायाला पहिला हात तूच लावलास. मला धीर झाला नव्हता.

काल रेडिएटर पहिल्यांदा चालू केला. खालून तापला, वरून थंडच. आत हवा अडकली होती. चाचांनी वरची बारकी चावी सैल केली, फुस्स करून हवा निघाली आणि मागून काळं पाणी आलं, नव्या फरशीवर. मी पुसेपर्यंत वरचा भागही तापला. चाचा हात लावून म्हणाले, "अब बराबर." ह्यांनी खुर्ची पुढं ओढली, मोजे काढले. पायांचा निळेपणा हळूहळू उतरताना मी बघत होते. थोड्या वेळात ते घोरायला लागले. मीही तिथं बसायला हवं होतं. त्याऐवजी फाटक लावलंय का ते बघून आले, मागचं दार बघून आले, मग खिडकीत उभी राहून रस्त्यावरचे ट्रक बघितले.

आजही तेच झालं. आत्ता ते माझ्यासमोर झोपलेत, पाय उबेत आहेत. तू आता नाहीस, हे कुठं पाठवायचं नाही, तुला वाचताही येत नव्हतं, म्हणून लिहिते. त्यांना हे कधी सांगितलं नाही. ते चौकीवरून येऊन इतकी वर्षं झाली, याडी, आणि मी अजून त्यांची वाट बघून राहिले.