दोन नंबर गेटाची भिंत

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचून आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून तू घातलेल्या शिव्याही पोचल्या असं समज. माझं अक्षर अजून कोंबडीच्या पायांचंच आहे. सहावीत शाळेने मला सोडलं की मी शाळेला, ते अजून ठरलेलं नाही. सावकाश वाच.

शेवटची पलटण गेली, छावणी रिकामी झाली, तरी बाबा रोज सकाळी सहाला दुकान उघडून शिवणाच्या मशीनला तेल घालून बसतात, हे वाचल्यापासून डोक्यातून जात नाही. गिऱ्हाईक नसलं तर नसू दे, दुकान तेवढं राहील ना, असं ते तुला विचारतात. खरं तर त्यांनाही माहीत आहे. दुकानाच्या तीनच भिंती आपल्या, मागची छावणीची. आजोबा पहिल्या पलटणीमागून डोक्यावर मशीन घेऊन आले तेव्हा तिथे तंबू आणि धूळ. कुण्या साहेबाचा जुना कोट त्यांनी उसवून, कापडाची आतली बाजू बाहेर घेऊन नव्यासारखा केला, तर साहेब खूश होऊन म्हणाला, टाक माझ्या भिंतीला पत्रे. कागद नाही, सही नाही. त्या एका शब्दावर तीन पिढ्या जेवल्या.

एकटे आपणच कशाला, अख्खं गावच त्या भिंतीला टेकून वाढलं. पाण्याचा नळ आधी त्यांच्याकडे आला, मग आपल्याकडे. रस्ताही तसाच. आपण दोघं त्यांच्याच दवाखान्यात जन्मलो आणि तू तिथेच नर्स झालीस. जेवायची सुट्टी बिगुलावर व्हायची, घड्याळ फक्त सोनाराकडे होतं आणि तेही मागे पडायचं. बाजाराला आग लागली तेव्हा बँडवाले पांढरे हातमोजे न काढता बादल्या घेऊन धावले होते, आठवतं? दुसऱ्या दिवशी काळे झालेले सगळे हातमोजे बाबांकडे आले. त्यांनी नवे शिवून दिले आणि एक पैसा घेतला नाही.

आता ती फितींची गोष्ट. तू घरात कधी विषय काढू देत नाहीस, पण मी काढतो. बढती मिळालेल्या अठरा जवानांच्या शर्टांच्या बाह्यांवर हुद्द्याच्या टोकदार फिती लावायचं काम बाबांनी पहिल्यांदाच माझ्यावर सोडलं होतं. टोक खाली, एवढंच सांगितलं होतं. मी शर्ट मांडीवर उलटा धरला, बाही उलटी, माझं डोकंही उलटं, अठराच्या अठरा फिती टोक वर. सकाळी मोठ्या साहेबाची पाहणी. साहेब म्हणाला, काय टेलरमास्तर, ही कुठल्या देशाची फौज? बाबा मैदानाच्या कडेला मांडी घालून टाके उसवत बसले आणि अठरा जवान बनियनवर रांगेत उभे. सगळं गाव हसलं. बाबा घरी आले, हात उगारला नाही. फक्त म्हणाले, तुझं लक्ष असतं तरी कुठं? महिनाभरात मी पळालो. तुम्ही म्हणता पायाला भिंगरी. भिंगरी होतीच, पण त्या प्रश्नासमोर रोज बसायचं धाडसही नव्हतं. चार वर्षं झाली, त्यांना एक ओळ लिहिली नाही.

आणि तुला लिहिलं तेही अर्धंच. मी बांधकामावर आहे असं कळवलं होतं. बांधत नाही गं, पाडतो. जुन्या इमारती पाडणाऱ्या ठेकेदाराकडे आहे. मागच्या आठवड्यात त्याने नवं काम घेतलं. यादी वाचून दाखवली तेव्हा माझ्या हातातला चहा तसाच राहिला. आपली छावणी. सुरुवात दोन नंबर गेटापासून, पाडायचं मशीन लावून, एका सकाळीत सगळी भिंत आडवी. मी मुकादमाला म्हणालो, त्या भिंतीला माझ्या बापाचं दुकान आहे. तो आधी हसला, मग माझं तोंड बघून ठेकेदाराशी बोलायला गेला. दुकानामागचा तुकडा हाताने पाडायला मला दोन दिवस दिलेत, तिसऱ्या दिवशी मशीन. आधी आतून खांब देऊन पत्र्याची तुळई उचलून धरायची, मग एकेक वीट काढायची, हे मला येतं. यात माझं लक्ष असतं, ताई. पण तुळई भिंतीत घुसवली आहे की नुसती टेकवली आहे, हे फक्त बाबांना ठाऊक. चुकीच्या जागी खांब दिला तर पत्रे आजोबांच्या शिवणाच्या मशीनवर येतील. म्हणून हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखव, फितींच्या भागासकट. आधी विचार, दुकानाला हात लावू का. हो म्हणाले तर तुळईचं विचार. मी सोमवारी येतोय. गँगचा मुक्काम मैदानात, तंबूत आहे. मी कुठे उतरायचं, तेही त्यांनीच सांगावं.

तुझाच,
भिंगरी