वॉशरची चार नावं

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (तीर्थरूप लिहावं की तीर्थस्वरूप, यावर आत्ताच पंधरा मिनिटं गेली. पत्रलेखनावर मीच लिहिलेल्या पुस्तकात पान बारावर एक सांगितलंय आणि पान चाळीसवर बरोबर उलटं. दोन्हीकडे अगदी ठामपणे.) तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात डावा दुखतो असं लिहिलं होतंस, त्याच्या आधीच्या पत्रात उजवा. म्हणजे एक तर दुखणं फिरतंय किंवा तू. भावजींना नमस्कार सांग आणि त्यांचा खोकला काय म्हणतो तेही कळव. माझं म्हणशील तर रक्तदाब तेवढा वर आहे, बाकी सगळं खालावलंय.

तू विचारलंस की तुझ्या नातीला लेखिका व्हायचंय, तर तिनं कुठली पुस्तकं जवळ ठेवावीत. घराण्यात लेखक म्हणून मी एकटाच, तेव्हा मला विचारणं साहजिक आहे. (तुझ्या पत्रात 'लेखक' या शब्दाभोवती अवतरणचिन्हं होती. ती मी पाहिली.) गेली एकतीस वर्षं मी 'स्वतः शिका' मालेची पुस्तकं लिहितोय. पोहणं, कुक्कुटपालन, गवंडीकाम, नळदुरुस्ती, सुखी संसार, सगळी मिळून अठ्ठावीस. लेखकाच्या नावाच्या जागी मालकांनी (म्हणजे आमच्या प्रकाशकांनी, त्यांना सगळे मालकच म्हणतात) प्रत्येक पुस्तकावर 'एक अनुभवी' असं छापलंय. मला पोहता येत नाही हे तुला ठाऊक आहेच, कारण विहिरीतून मला बाहेर तूच काढलं होतंस.

तर पहिलं पुस्तक शब्दकोश. जाडजूड घ्यायला सांग. त्यात फक्त एक धोका आहे, की एक शब्द बघायला जावं आणि शेजारचे दोनशे बघून यावं. नोकरीत असताना एकदा मी घरून निघता निघता 'तातडी' या शब्दाची व्युत्पत्ती बघायला बसलो आणि कचेरीत पोचलो तेव्हा लोक डबे धुऊन ठेवत होते. दुसरं, ज्ञानकोश. माझ्याकडे एका जुन्या ग्रंथालयानं काढून टाकलेला आहे, पण त्याचे खंड 'फ'पर्यंतच आहेत. त्यामुळे जगातल्या अर्ध्या गोष्टींचं माझं ज्ञान सखोल आहे आणि उरलेल्या अर्ध्यांचं मुळीच नाही. फुफ्फुसाबद्दल मी तासभर बोलू शकतो. मेंदू, यकृत आणि हृदय माझ्या हद्दीबाहेर. नळ, पोहणं आणि कोंबड्या हद्दीत आल्या म्हणून ती पुस्तकं झाली. 'संसार' हद्दीबाहेर होता, तो अंदाजानं लिहिला. (तुझी भावजय म्हणते, ते वाचताना कळतं.)

तिसरं पुस्तक समानार्थी शब्दांचं आणि चौथं 'कथा कशी रचावी' अशा धर्तीचं एक. ही दोन्ही माझी सगळ्यांत लाडकी, उशाशी असायची. यांनीच माझा घात केला. तेच सांगायला बसलोय, तेव्हा चहा आधी करून घे.

गेल्या महिन्यात ओट्यावरचा नळ गळायला लागला. एक थेंब, मग दम खाऊन दुसरा. मी म्हटलं, कारागीर बोलावू. ही शांतपणे भाजी निवडत म्हणाली, "पुस्तक लिहिलंयत ना? मग करा की." एकतीस वर्षांत मला असा थेट प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी कपाटातून माझं नळदुरुस्तीचं पुस्तक काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते वाचक म्हणून उघडलं. सुरुवात छान होती. पाण्याचं महत्त्व, मानवी संस्कृती आणि नदी, वगैरे. मग कृती. पहिली पायरी, पाना घ्यावा. घेतला. (शेजाऱ्यांकडून.) दुसरी, नळाचं डोकं घट्ट धरावं. धरलं. तिसरी, ते सावकाश फिरवून वेगळं करावं. मी सावकाशच फिरवलं ताई, पण वेगळं व्हायची घाई त्यालाच होती. डोकं छताला लागून कुठंतरी पडलं आणि नळातून जे पाणी उसळलं ते थेट माझ्या चष्म्यावर. एका हातानं नळाचं तोंड दाबून दुसऱ्या हातानं मी पुस्तक चाळतोय, की आता पुढे काय करायचं लिहिलंय या गाढवानं. पानं एकमेकांना चिकटलेली. अखेर प्रकरणाच्या अगदी शेवटच्या ओळीत सापडलं: 'आणि हो, हे सर्व करण्यापूर्वी घराचा मुख्य कॉक बंद करणे अत्यावश्यक आहे.'

हे असं का लिहिलं होतं, तेही मला तिथंच, भिजत असताना आठवलं. त्या सुमारास मी ते कथेचं पुस्तक वाचत होतो. त्यात म्हटलं होतं की महत्त्वाची गोष्ट वाचकाला शेवटपर्यंत सांगू नये, उत्कंठा टिकते. टिकली होती. ही बाल्कनीत गेली, कॉक बंद केला, परत आली आणि उरलेली भाजी निवडायला बसली. एवढ्यात खालच्या मजल्यावरचे शिंपी वर आले. हातात छत्री होती आणि ती उघडी होती. ती छत्री मला नीट दिसेल अशी धरून दारात उभे राहिले, आणि गेले.

मग हिनं फोन करून कारागीर बोलावला. आल्या त्या एक बाई. चाळिशीच्या, खांद्याला पिशवी, पदर खोचलेला, बोलणं कमी. आल्या त्या सरळ ओट्याशी गेल्या, फडताळाखालून नळाचं डोकं शोधून काढलं, आणि मग जमिनीवर पडलेलं माझं ओलं पुस्तक त्यांना दिसलं. त्यांनी ते उचललं, उघडून पाहिलं, झटकलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, तुमच्याकडेही हेच का?" पिशवीतून त्यांनी तेच पुस्तक काढलं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, कडा काळ्या पडलेल्या, आणि आतल्या प्रत्येक पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं. ताई, माझ्या पुस्तकाची इतकी वाचलेली प्रत मी कधी पाहिली नव्हती. ऊर भरून आला. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "ज्यानं हे लिहिलंय ना काका, त्याला एकदा भेटायचंय मला."

का, असं विचारण्याइतका मी भोळा नाही, पण तोंडातून निघून गेलं. मग वॉशर बदलता बदलता त्यांनी सांगितलं. नवरा नळकाम करायचा. गच्चीवरच्या टाकीवरून पडला, पाठ कायमची गेली. अंथरुणावर पडलेला माणूस, घरात हत्यारांची पिशवी आणि हे एक पुस्तक. तो तोंडानं सांगायचा, बाई पुस्तकात बघायच्या. "त्यात लिहिलं होतं, आधी चकती काढा, मग वलय तपासा, कडी नवी घाला आणि मंडल नीट बसवा. यांनीही हे शब्द कधी ऐकले नव्हते, म्हणाले, पुस्तकात आहे म्हणजे काहीतरी नवं निघालं असेल. मी तीन दिवस बाजार पालथा घातला हो, या चार वस्तूंसाठी. दुकानदार हसायचे. चौथ्या दिवशी एका म्हाताऱ्या दुकानदारानं वाचून पाहिलं आणि म्हणाला, बाई, हे चारही वॉशरच आहेत."

ताई, तेच ते समानार्थी शब्दांचं पुस्तक. एका परिच्छेदात 'वॉशर' चार वेळा आला तर भाषा दरिद्री दिसते, असं मला वाटलं होतं. माझ्या श्रीमंतीपायी ती बाई तीन दिवस उन्हात फिरली, आणि घरी तो माणूस ती आली का म्हणून दाराकडे बघत पडलेला. तो लिहिणारा मीच, हे सांगायला हवं होतं, पण माझी मान वर होईना. ही दारात चहाचे कप घेऊन उभी होती. मला वाटलं, आता ही सांगणार. एकतीस वर्षांचा सगळा हिशेब एका वाक्यात चुकता करायची संधी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, कप खाली ठेवले आणि आत निघून गेली.

यापुढचं ऐक. बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही शिकलेले दिसता. माझं अक्षर बरं नाही. एक पत्र लिहून द्याल? त्या पुस्तकवाल्यांना." आणि मी माझ्याच टेबलाशी बसून, माझ्याच पेनानं, माझ्याच विरुद्ध तक्रार लिहायला घेतली. सुरुवात मी सवयीनं 'आपले बहुमोल पुस्तक' अशी केली. त्या म्हणाल्या, "बहुमोल खोडा." मी खोडलं. पुढे त्यांनी सांगितलं, "लिहा, तुम्ही जन्मात कधी पाना हातात धरलाय का?" मी लिहिलं, 'आपणांस या क्षेत्रातील प्रत्यक्ष अनुभव कितपत आहे, अशी शंका येते.' त्यांनी वाचून दाखवायला लावलं आणि मान हलवली. "नाही. मी म्हणते तस्संच लिहा." तस्संच लिहिलं. दोन पानं झाली. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत स्वच्छ गद्य आहे, आणि त्यातला एकही शब्द माझा नाही. खाली त्यांनी सही केली, ओलं पुस्तक स्वतःच्या हातानं उन्हात वाळत ठेवलं आणि गेल्या.

चार दिवसांनी मालकांचा फोन. एकतीस वर्षं माझी हस्तलिखितं वाचलेला माणूस, अक्षर ओळखणार नाही तर काय. म्हणाले, "अहो, तब्येत बरी आहे ना? स्वतःला शिव्या घालणारी पत्रं लिहिताय, खाली बाईमाणसाची सही करून?" मी खरं काय ते सांगितलं. पलीकडून पत्राची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "पण पत्र झकास आहे. इतकं सोपं तुम्ही कधीच लिहिलं नव्हतं. या बाई पुस्तक लिहितील का?"

मग मात्र मला राहवेना. मी आपणहून त्यांच्या घरी गेलो. एका गल्लीत दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत भिंतीला नळांचे सुटे भाग टांगलेले, खाटेवर नवरा उशीला टेकून बसलेला, आणि जमिनीवर काम शिकायला आलेल्या तीन बायका एक जुना नळ उघडून बसलेल्या. मधे बाईंची ती पेन्सिलवाली प्रत. त्यातली एक जण मोठ्यानं वाचत होती, छापलेलं नाही, समासातलं. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की तो अनुभवी मीच. बाईंनी वरही पाहिलं नाही. म्हणाल्या, "माहितीये. तुमच्या ओल्या पुस्तकावर 'लेखकाची प्रत' असा शिक्का होता."

"मग पत्र का लिहायला लावलंत?"

"तोंडावर बोलायला बरं वाटेना, काका."

खाटेवरचा माणूस असा हसला की त्याला पाठ धरावी लागली. मग त्यानंच मला बसायला जागा केली.

आता नवी आवृत्ती निघतेय. बाई सांगतात, मी लिहितो. रोज सकाळी दहा ते बारा मी त्या बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसतो. मुख्य कॉक पहिल्या वाक्यात आलाय. वॉशर एका पानावर अकरा वेळा आला तरी वॉशरच आहे. एखाद्या ठिकाणी माझा हात शिवशिवतो, पण खाटेवरून आवाज येतो, "काका, वलय नको." मुखपृष्ठावर 'एक अनुभवी'च्या जागी बाईंचं पूर्ण नाव येईल. माझं कुठं घालायचं असं मालकांनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "लिहून घेणारे, असं आत कुठंतरी घाला." अठ्ठावीस पुस्तकांत मी काय केलं याचं पहिलं खरं वर्णन छापून येतंय. गेल्या आठवड्यात मी एक नळ संपूर्ण उघडून परत बसवला. तो गळतो, पण आधीपेक्षा कमी.

तुझ्या नातीला सांग, शब्दकोश जरूर घे. बाकीच्यांचं मी तिला समक्ष भेटून सांगेन, लेखी सांगायची मला हल्ली भीती वाटते. गुडघ्याला जप.

तुझा धाकटा भाऊ

ताजा कलम: हे पत्र पाकिटात घालण्यापूर्वी हिनं वाचलं आणि एक दुरुस्ती सांगितली. मी आपणहून त्यांच्या घरी गेलो असं वर लिहिलंय. तसं नाही. तीन वेळा मी त्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत आलो. (एकदा तर येताना लिंबं घेऊन आलो, म्हणजे बाहेर कशाला गेलो होतो ते सांगता येईल.) चौथ्या वेळी ही बरोबर होती, आणि दारातून आधी तीच आत शिरली.

आणखी एक: खरं तर पत्र ज्यासाठी लिहिलं ते राहूनच गेलं. बाईंचं म्हणणं आहे की छापण्याआधी मजकूर अशा कुणाला तरी वाचायला द्यावा, ज्याला या विषयातलं ओ की ठो कळत नाही आणि जो कळलं नाही तर कळलं नाही म्हणून तोंडावर सांगेल. मी क्षणाचाही विचार न करता तुझं नाव सांगितलं. मजकूर आणि सरावासाठी एक नळ असं पार्सल कालच रवाना झालंय. ही म्हणते, यात तुझं कौतुक आहे हे स्पष्ट लिहून टाका, नाहीतर ताई बोलायच्या बंद होतील. तर लिहिलंय.