दुर्गम आईस पत्रिका

तीर्थस्वरूप आईच्या चरणी सुजितचा झाशीहून साष्टांग प्रणिपात.

सोबत शर्वरीच्या विवाहाची पत्रिका आहे; पहिला मान आजीचा.

मानिक चौकातील कुरियरवाला वदला, "माताजी का गाँव रिमोट है, सौ रुपये ज़्यादा लगेंगे." जन्मदात्रीस दुर्गम ठरवणाऱ्या त्या महापंडितास वंदन करून मी डाकघर गाठले. तेथे झाशीतल्याच नगरा मोहल्ल्यातल्या माझ्या शेजाऱ्यास आणि तुला एकाच किमतीचे तिकीट लागते.

"सरकार को घाटा है इसमें, भाईसाहब," बाबू उसासला.

"घाटा शासनाचा, आई माझी," असे मी त्यास सुनावले.

पोस्टमन अजून वाडीपर्यंत चढतो ना? गुडघे कसे आहेत? पंधरवड्यात उत्तर न आल्यास मी स्वतः दुसरी पत्रिका घेऊन येईन आणि तू नाही म्हणालीस तरी तुला घेऊनच परतेन.

हा एक विषय वगळता आज्ञाधारक,
सुजित