हेलिकॉप्टरच्या शेपटीची तार

दादा,

माझं चिमुकलं रिमोटचं हेलिकॉप्टर न विचारता उडवलंस, वर त्याच्या पंख्याला शेंगदाण्याचं तेल पाजलंस. धूळ चिकटून ते थरथरलं, आपटलं, शेपटीची तार तुटली आणि जागच्या जागी गरगरायला लागलं.

काल मी ते तेल पुसत बसले होते आणि तू शेजारी बसून चाळीसगावच्या पाहुण्यांना फोनवर सांगत होतास, "घरमा बठ्ठं मीच दुरुस्त करस." म्हणे, सगळं तूच!

हेलिकॉप्टर आता सरळ उडतं. तसली बारीक तार तुझ्या ट्रिमरमध्ये मिळाली.

मुलीकडचे ते पाहुणे आज अकरा वाजता तुला बघायला येताहेत. दाढी आठ दिवसांची आहे. आज सोमवार, सलून बंद.

कर दुरुस्त. तार जोडायची सोल्डर गन मी अमळनेरला नेतेय.

हर्षदा