मितूची सीट

२४ सप्टेंबर, चिखली

आज गाडी आली! पांढरी, छोटीशी, माझी स्वतःची. शोरूमच्या पोरांनी बॉनेटवर हार घातला, फोटो काढला आणि फोडायला नारळ हातात दिला. मी तो घरी आणून त्याची चटणी केली. वाया कशाला घालवायचा?

चिखलीत येऊन आठवडा झाला. खोली हवेशीर आहे, पाणी दिवसाआड येतं, आणि खिडकीतून बाजार समितीकडे जाणाऱ्या सोयाबीनच्या ट्रॉल्या दिसतात. माझं काम कपाशीतलं. शेताशेतांत कामगंध सापळे लावायचे. सापळ्यात मादीच्या वासाची गोळी असते. नर पतंग त्या वासावर येतो, मादी काही भेटत नाही आणि परतीची वाटही सापडत नाही. बीटी बियाणं आलं तेव्हा अळीचा विषयच संपला, असं आमचे साहेब लोक सांगत फिरायचे. आता तीच गुलाबी अळी बोंडात बसून माझा पगार काढते.

गाडीत माझ्याशिवाय अजून कुणी बसलेलं नाही. शेजारच्या सीटवरचं प्लॅस्टिक मी मुद्दाम काढलं नाही, ते मितूनं काढायचं. मितू म्हणजे संघमित्रा, माझी अकरावीतली लेक, औरंगाबादला होस्टेलवर असते. तिचे बाबा गेल्यापासून ती माझ्याशी मोजकंच बोलते, आणि मी ही नोकरी घेतल्यावर तर तिनं गालच फुगवले. दिवाळीच्या सुट्टीत येणार आहे. गाडी तिच्यासाठीच घेतली. शेजारी शेजारी बसून समोर बघत असलं की अवघड गोष्टीसुद्धा सहज बोलता येतात, असं मला वाटतं.

२७ सप्टेंबर

गाडीला कॅमेरा बसवून घेतला. एक भिंग समोरच्या रस्त्याकडे, एक आत आमच्याकडे. आमच्याकडे म्हणजे सध्या माझ्याकडे.

ऑटो-इलेक्ट्रिकचं काम करणारा शाकिर मेहकर फाट्याजवळ बसतो. बोलका माणूस आहे. आरशामागे कॅमेरा चिकटवला, वायर छताच्या कडेत दाबली, दारालगतच्या खांबाच्या पट्टीखालून उतरवून स्टिअरिंगखालच्या फ्यूजच्या डब्यात नेली. मी शेजारी वाकून सगळं बघत होते. किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या फ्यूजवरून करंट घेऊ की कायमचा चालू राहणाऱ्या, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं कायमचा. गाडी दिवसभर शेताच्या बांधावर उभी असते, कुणी ओरखडा काढला तर कळायला नको? शाकिर हसला. म्हणाला, "मॅडम, तुम्ही झोपसान, पन हा डोळा उघडा राहीन. बॅटरी खाऊन टाकीन बरं." वायरीचं दुसरं टोक त्यानं बोल्टाखाली अर्थिंगला दाबलं. निळा दिवा लागला. गाडीत कुणीतरी जागं आहे, असं वाटून मला बरं वाटलं.

२८ सप्टेंबर

साखरखेर्ड्याच्या रस्त्यावर एका फाट्यावर गाडी थांबवली. पत्रा उडालेला बसचा निवारा, एक बाभूळ, बाकी चिटपाखरू नाही. आवाज रेकॉर्ड होतो का ते बघायचं होतं. काय बोलावं सुचेना. मग शेजारचं दार उघडलं आणि नाटकातल्यासारखं मोठ्यानं म्हटलं, "बसा हो, बसा! संकोच करू नका. गाडीत जागाच जागा आहे."

मोबाइलवर ऐकलं. आवाज स्वच्छ आला होता. माझ्या वाक्यानंतर प्लॅस्टिक चुरचुरल्याचाही आला. वारा असावा. स्वतःशीच खूप हसले. असं मोठ्यानं हसून किती दिवस झाले होते.

२ ऑक्टोबर

गाडीला खोड लागली. शेजारच्या सीटवर वजन असेल आणि पट्टा लावलेला नसेल, तर गाडी टिंगटिंग करते. आता सीट रिकामी असतानाही करते. मी शाकिरलाच रागावले, तुझ्या वायरीनंच बिघडलं म्हटलं. त्यानं फ्यूज काढून घालून पाहिलं, सीटखाली हात घालून पाहिलं. कॅमेऱ्याच्या आणि सीटच्या वायरीचा काही संबंध नाही, म्हणाला. शेवटी पाण्याची बाटली जरी ठेवली तरी होतं असं, असं सांगून त्यानं माझी समजूत काढली.

सीटवर बाटली नव्हती.

५ ऑक्टोबर

सकाळी गाडी सुरूच होईना. बॅटरी उतरली. शाकिरनं दुसऱ्या बॅटरीवरून चालू करून दिली आणि कॅमेरा बघून चक्रावला. उभ्या गाडीत काही हललं तरच तो रेकॉर्डिंग करतो. तो सारखा करत राहिला होता. मांजर शिरलं असंन, म्हणाला. काचा बंद होत्या.

दुपारी जेवताना एक तुकडा लावून पाहिला. ज्यांच्या कपाशीत माझे सापळे आहेत त्या वच्छलाबाईंच्या बांधावर गाडी कडुलिंबाखाली उभी, लख्ख ऊन, आत कुणी नाही. शेजारच्या सीटवरचं प्लॅस्टिक हळूहळू खाली दबलं. तसंच दबून राहिलं. आणि आवाज. घशात पाणी अडकल्यावर माणूस श्वास घेईल तसा.

डबा तसाच झाकून ठेवला. गाडीत फवारणीच्या औषधाचा वास येतोय. माझ्या कपड्यांचा असेल. मी औषधाला हात लावत नाही, तरी असेल.

८ ऑक्टोबर

वच्छलाबाईंना चिखलीत बाजारासाठी यायचं होतं. गाडी बघून खूश झाल्या, पण पुढे काही केल्या बसेनात. मागे बसल्या. त्या पत्रा उडालेल्या निवाऱ्याच्या फाट्यापाशी आलो तसं त्यांनी काच खाली केली आणि मोकळ्या रस्त्याकडे बघून ओरडल्या, "जागा नाही, भाऊ!"

मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. शालिग्राम म्हणून एक फवारणीवाला होता, लोकांच्या कपाशीवर औषध मारायचा. बोंडअळीनं कहर केला त्या वर्षी दोन-दोन औषधं एकत्र करून, भर उन्हात, तोंडाला साधा रुमाल बांधून. एक दिवस भोवळ आली. चिखलीच्या दवाखान्यात जायला म्हणून त्या फाट्यावर येऊन उभा राहिला आणि गाड्यांना हात करू लागला. डोळ्याला दिसेना, तोंडातून फेस, पाय लटपटत होते. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं, पिऊन आलाय. जागा असून सगळे जागा नाही म्हणून गेले. निवाऱ्यातच संपला. तसं म्हणून गेलेली सगळी याच गावांतली, स्वतः वच्छलाबाईही एका जीपमध्ये होत्या. हे सांगताना त्यांनी पदर तोंडाला लावला.

तेव्हापासून इकडचा प्रत्येक जण तिथे तेच म्हणतो. "एकदा नाही म्हटलं ना बाई, आता नाहीच म्हना लागते. हो म्हटलं तं थो बसते."

मग त्यांनी विचारलं, तुम्ही काय म्हनता तिथं? पुढची सीट टिंगटिंग करत होती. वच्छलाबाई चिखलीच्या अलीकडेच उतरल्या आणि उरलेलं अंतर चालत गेल्या.

११ ऑक्टोबर

रोज फाट्यावर ओरडते. जागा नाही, भाऊ. जागा नाही. घसा बसला. टिंगटिंग थांबत नाही.

मितूचा फोन आला. वीस तारखेला येते म्हणाली. स्वतःहून विचारलं, गाडी कुठल्या रंगाची आहे. किती दिवसांनी नीट बोलली! फोन ठेवल्यावर मी रडले. त्या सीटवर माझी मुलगी बसणार आहे. दुसरं कुणी नाही.

१३ ऑक्टोबर

त्याला दवाखान्यातच जायचं होतं ना? मग नेलं. बुलढाण्यापर्यंत. मोठ्या दवाखान्याच्या फाटकाशी थांबले, शेजारचं दार उघडलं आणि हात जोडून म्हटलं, भाऊ, उतरा, दवाखाना आला. उशीर झाला, माफ करा. पहारेकरी माझ्याकडे बघत राहिला.

परतताना टिंगटिंग नाही. वास नाही. गेला.

लिहू नये, पण खरं लिहिते. चिखलीकडे येताना गाडी फार रिकामी वाटली.

१६ ऑक्टोबर

टिंगटिंग का थांबली ते आज कळलं. मितूसाठी सीट पुसायला गेले तर पट्टा लावलेला. बकल आत, सीट रिकामी.

दवाखान्याचं रेकॉर्डिंग पाहिलं. दार उघडलेलं. मी हात जोडून उभी. कुणीच उतरत नाही. मी दार लावते. मग पट्टा आपोआप ओढला जातो आणि खट्. लागतो.

तो गेला नव्हता. शहाण्यासारखा पट्टा लावून बसला होता.

१७ ऑक्टोबर

शाकिरकडे गेले. सगळं काढ म्हटलं. त्यानं फ्यूज काढला, वायर ओढून बाहेर घेतली. नुसतं लोंबतं टोक. निळा दिवा तसाच चालू. माझ्या मोबाइलवर गाडीतलं चित्र तसंच चालू. शाकिर काहीतरी पुटपुटत मागे सरला. मजुरी घेतली नाही. म्हणाला, "मॅडम, इथं नका ठेवू ही."

गाडी घरामागे. वरून ताडपत्री. मितूला स्टँडवरून रिक्षानं आणायचं. गाडी दाखवायचीच नाही. रुसली तर रुसू दे.

२० ऑक्टोबर, सकाळ

मितूचा फोन. साखरखेर्ड्यावरून येणारी बस बिघडली. कंडक्टरनं सगळ्यांना उतरवलं, बाकीचे पायी गावाकडे गेले. ती निवाऱ्यात उभी आहे. पत्रा उडालेला निवारा—

म्हणते, आई, इथले लोक कसे गं, प्रत्येक जीप हळू होते, आतून ओरडतात जागा नाही, आणि माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत.

रिक्षावाले फाट्याचं नाव काढलं की मान हलवतात. शाकिर फोन उचलत नाही. दुसरी गाडी नाही. ताडपत्री काढते. तिला मागे बसवीन. मागे.

२० ऑक्टोबर, दुपार, फाटा

लिहिलं नाही तर ओरडत सुटेन.

पोचले. मितू धावत आली, गळ्यात पडली. मी तिला म्हटलं, पुढे नाही बसायचं, मागेच. तिनं मान डोलावली. तिची बॅग निवाऱ्यात राहिली होती. ती आणायला मी वळले. तेवढंच. पाठीमागे प्लॅस्टिक टराटरा फाडल्याचा आवाज. ती हसत होती. पुढेच बसली. लहानपणीसारखा हट्ट.

गाडी सुरू झाली. किल्ली माझ्या मुठीत आहे. आत्ताही आहे.

तो तिच्या सीटवर नव्हता. तिला जागा करून देऊन तो माझ्या जागी, स्टिअरिंगशी—

मी समोर जाऊन हात केला. दोन्ही हात. गाडी हळू झाली. मितूनं काच खाली केली. माझ्याकडे बघून नाही, माझ्या पलीकडे बघून, जीपवाल्यांचं ऐकून शिकलेलं ते, हसत—

जागा नाही, म्हणाली.

गेली.

मोबाइलवर अजून दिसतंय. मितू पट्टा लावून बसलीय. तोंडाला ओढणी धरलीय, खोकतेय. गाडी रस्ता सोडून या कडेला, त्या कडेला— त्याला दिसत नाही. त्याला डोळ्यांनी दिसत नाही—

तिचा फोन लागत नाही. तिकडून जीप येतेय. थांबवते. हात केला. हळू झाली. देवासारखी हळू झाली. आत जागा आहे, मला दिसतेय, मागची अख्खी रिकामी. ड्रायव्हर काच खाली करतोय. माझ्याकडे बघत नाहीये. अहो, मी जिवंत आहे, माझी मुलगी— तो तोंड उघडतोय, जा—