मामांच्या जपानीचे परिणाम

ती. मामांना,

भाचीचा वाकून नमस्कार. (किती वाकून, तेही हल्ली मला कळतं. ओळखीच्या माणसापुढे थोडं, साहेबापुढे जास्त आणि माफी मागताना कंबर मोडल्यासारखं. मी आत्ता मधल्या प्रकारात आहे. पत्र वाचून झालं की कोणी कोणापुढे वाकायचं ते ठरवू.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींच्या डोळ्याची पट्टी निघाली का? निघाली असेल तर हे पत्र त्यांच्याकडूनच वाचून घ्या, म्हणजे अवघड जागी तुम्हाला पान उलटता येणार नाही. फोनच केला असता, पण माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तुम्ही 'बरं, ते जाऊ दे' म्हणता. पत्राला तसं म्हणता येत नाही. मी बरी आहे. म्हणजे जेवते, झोपते आणि फोन वाजला की दचकते.

झालं असं, की आमच्या शाळेत मी जपानीचे पहिले दोन वर्ग शिकवते हे तुम्हाला ठाऊकच आहे. (तुम्ही ते सगळ्या नात्यागोत्यात सांगता आणि श्रेय स्वतःकडे घेता. त्या श्रेयाबद्दल पुढे बोलूच.) पहिल्या दोन वर्गांत काही भानगड नसते. हे पेन आहे. ते टेबल आहे. माझ्या बहिणीचं टेबल खिडकीजवळ आहे. एवढ्यावर माणूस सुखाने निवृत्त होऊ शकतो. पण यंदा पालकसभेत आमचे मुख्याध्यापक बोलता बोलता रंगात आले आणि पुढच्या वर्षापासून आपल्याकडे प्रगत जपानीचा अभ्यासक्रम सुरू होणार, असं जाहीर करून मोकळे झाले. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर, तो शिकवणार कोण हे बघायला त्यांनी मान वळवली, तर समोर मी. (पहिल्या रांगेवर पंखा होता म्हणून तिथे बसले होते. वाऱ्याच्या मोहाने माणूस कुठे जाऊन पडतो बघा.) मग खोलीत बोलावून त्यांनी समजावलं. सुट्टीत शिक्षकांसाठी प्रशिक्षण आहे, तिथून प्रमाणपत्र आणलंत की वर्ग सुरू. आणि नाही आणलं तर? तर ज्या पोरांनी दोन वर्षं जपानी घासली त्यांना पुढे विषयच नाही, पुढे विषय नाही म्हटल्यावर खाली कोणी घेणार नाही, म्हणजे जपानी बंद. मग तुम्हाला आपण बागकाम देऊ, असं ते फार प्रेमाने म्हणाले. मामा, माझ्या हातून निवडुंगसुद्धा मेलेला आहे.

तर गेले प्रशिक्षणाला. तिसऱ्या मजल्यावरची खोली, घोड्याच्या नालेच्या आकारात मांडलेली टेबलं, न उघडणाऱ्या खिडक्या आणि कोपऱ्यात एक विजेची किटली, जी आमच्यापैकी कोणालाही चालू करता आली नाही. (तिच्यावरच्या सूचना जपानीत होत्या. आम्ही सगळे जपानीचे शिक्षक.) आम्हाला शिकवणाऱ्या सेन्सेई खास जपानहून आलेल्या. लहानखुऱ्या, पांढऱ्या केसांच्या आणि आवाज असा की त्या बोलायला लागल्या की खुर्च्या आपोआप करकरायच्या थांबत. त्या रागावत नाहीत. हेच भयंकर आहे. काही फारच चुकलं की मान किंचित कलती करून 'हे जरा गमतीदार आहे' म्हणतात. दुसऱ्या दिवसापर्यंत 'गमतीदार' ऐकलं की मी आपोआप वही मिटायला लागले. माझ्या शेजारी एक तरुण सर बसायचे. सगळ्यात वरची परीक्षा पास झालेले. त्यांना कोणताही शब्द विचारायच्या आत ते अर्थ सांगायचे, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना शब्दकोश म्हणायला लागले. माणूस वाईट नाही, पण शब्दकोशाला उशाशी घेऊन कोण झोपतं?

पहिल्या दिवशी स्वतःची ओळख करून द्यायची होती. मी आठवडाभर आधी पाठ केलेली, आरशासमोर म्हटलेली. माझी पाळी आली आणि सेन्सेई म्हणाल्या, कागद राहू द्या, आज सकाळी काय खाल्लंत ते सांगा, सहज. सहज! मामा, मी खरंच खूश झाले. कारण सहज बोलणं म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तुम्हीच येता. सुट्टीत तुमच्याकडे आले की तुम्ही गच्चीवर दाढी करत असायचात, तोंडाला साबण, आणि मला एकेक वाक्य म्हणायला लावायचात. पुढे मी परीक्षा दिल्या, पदविका घेतली, पण ते सगळं कागदावरचं. जिभेवरची जपानी तुमची. तेव्हा मी छाती पुढे काढून ठणकावून सांगितलं, 'हारा इप्पाई कुत्ता झे!' (मामी वाचत असतील तर त्यांना सांगा, यातलं 'कुत्ता' म्हणजे 'खाल्लं'. नसत्या शंका नकोत.)

शब्दकोशांच्या हातातलं पेन पडलं. सेन्सेईंनी मान कलती केली. मग फार हळुवारपणे विचारलं, 'तुम्ही बोलायला कुठे शिकलात?'

'मामांकडे,' मी म्हटलं. 'ते बरीच वर्षं तुमच्याकडे होते.'

'मामा काय करायचे?'

'जहाजाच्या कारखान्यात वेल्डर होते.'

'हं,' सेन्सेई म्हणाल्या. 'हे जरा गमतीदार आहे.'

मधल्या सुट्टीत शब्दकोशांनी मला बाजूला घेऊन अर्थ सांगितला. वाक्य व्याकरणाला धरून होतं. फक्त एखादी सभ्य शिक्षिका, पदर सावरत, मोठ्या सभेत उभी राहून 'आयला, पोट फुटेस्तोवर हाणलंय राव!' म्हणाली तर कसं वाटेल, तसं ते वाटलं; शेवटचा 'झे' म्हणजे तो 'राव'. आणि मी स्वतःला जे 'मी' म्हणते ना, ते 'मी' फक्त पुरुष वापरतात, तेही एकमेकांच्या पाठीत बुक्के घालताना. मामा, मी बाई माणूस आहे हे तुम्हाला दिसत होतं ना? तुम्ही मला दोन रिबिनी आणून दिल्या होत्या, म्हणजे दिसत असणारच.

मग मला भलतीच भीती बसली. माझ्या हातून इतकी मुलं शिकून गेली. त्यांचं काय झालं असेल? पुस्तकातलं पुस्तकातल्यासारखं शिकवलं असेल, पण मध्ये मध्ये मुलं कंटाळली की मी 'आता खरी जपानी ऐका' म्हणून तुमची वाक्यं सांगायची. एक विद्यार्थिनी तर मोठ्या हॉटेलात नोकरी धरायला जपानला गेलेली, पाहुण्यांचं स्वागत करायच्या जागेसाठी. जेवणाच्या वेळी जिन्यात उभं राहून मी तिला फोन लावला. विचारलं, बाळ, मुलाखत कशी झाली होती तुझी? ती म्हणाली, फार छान झाली बाई! मी बोलायला लागले आणि सगळे खुर्चीवरून पडेपर्यंत हसले. मग नोकरी? नोकरी मिळाली ना बाई, पण पुढे नाही, आत भटारखान्यात. इथे सगळे तसेच बोलतात. मला तर पहिल्या दिवसापासून माहेरी आल्यासारखं वाटलं. (ती सुखात आहे. तिथल्या मुख्य आचाऱ्याशी तिचं जमलंही आहे म्हणे. पण मी जिन्यात बसकण मारली ती घंटा झाली तरी उठवेना.)

पुढे सुरू झाली आदराची भाषा. तुम्हाला तिची कल्पना नसणार म्हणून थोडक्यात सांगते. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण, संपलं. त्यांच्याकडे समोरच्याला उचलायचं, स्वतःला खाली ठेवायचं, आणि बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्या साहेबालाही आपल्याबरोबर खाली ओढायचं. प्रत्येकाचं क्रियापद वेगळं. तो जेवला, मी जेवले, पाहुणे जेवले, यात जेवण एक आणि शब्द तीन. सराव म्हणून टेलिफोनचं नाटक होतं. शब्दकोश झाले बड्या कंपनीचे अध्यक्ष, मी झाले समोरच्या कचेरीतली कारकून, आणि मी त्यांना भेटीची वेळ द्यायची. मी दोन्ही हातांनी फोन धरला, डोळे मिटले आणि उचलायचे शब्द खाली, खाली ठेवायचे शब्द वर असं करून जे बोलले त्याचं मराठी असं होईल: उद्या दुपारी आपण पायाशी लोळत हजर व्हावं, मी विराजमान होऊन दर्शन देईन. शब्दकोश अध्यक्ष असूनही 'जी' म्हणाले. सेन्सेईंनी त्या दिवशी 'गमतीदार' म्हटलंच नाही. नुसत्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला बागकामाची खुरपी दिसायला लागली.

शेवटच्या दिवशी खऱ्या मुलांसमोर पाठ घ्यायचा होता. जवळच्या शाळेतली मोठ्या वर्गातली मुलं आणलेली, मागे सेन्सेई, त्यांच्या मांडीवर गुणांचा कागद. माझ्या वाट्याला विषय आला तोच, एकच गोष्ट चार जणांशी कशी बोलावी. मी नीट सुरुवात केली. तक्ता नीट, अक्षर नीट, माझा 'मी'सुद्धा बायकी. पण मुलं अशी बसलेली की जणू दात काढायला आली आहेत. एका मुलाला सांगितलं, मित्राला सांग की भूक लागली आहे. तो उभा राहून इतक्या अदबीने बोलला की त्या मित्राला आपण मेलोबिलो की काय असं वाटावं. वर्ग थंड. पुढचा शब्द आठवेना, मागचा आठवेना, तोंड मात्र उघडं. आणि उघड्या तोंडात, मामा, दुसरं कोण येणार? तुम्हीच आलात. कारखान्याचा भोंगा झाल्यावर भुकेपोटी तुम्ही जे ओरडायचात ते सगळंच्या सगळं बाहेर पडलं.

मुलं जागी झाली. खदाखदा हसली. 'बाई, पुन्हा म्हणा!' मग माझाही जीव कुठेतरी टेकला. मी म्हटलं, हे वेल्डर बोलला. आता हेच शाळेतल्या मित्राला सांगा. आता शेजारच्या आजींना. आता हॉटेलात आलेल्या पाहुण्याला. पोरं भांडायला लागली, असं नाही तसं. मघाचा तो अदबशीर मुलगा बाकावर चढून वेल्डर झाला. मी तास विसरले, कागद विसरले. तेवढ्यात मागून सेन्सेई उठल्या, पुढे येऊन माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, 'मी पाहुणी. मला काय हवं ते विचारा.' मी मनात एकेक पायरी मोजत वर चढले, त्यांना उचललं, मला ठेवलं, क्रियापद बरोबर, शेवट बरोबर. अगदी बरोबर मामा! आणि सुटकेच्या श्वासाबरोबर शेवटी 'झे' निघून गेला.

सेन्सेई रुमालात तोंड खुपसून हसल्या. बराच वेळ. मग डोळे टिपून निकाल सांगितला. खालच्या मजल्यावरची जपानी यांच्याइतकी जिवंत इथे कोणाची नाही. पाठ उत्तम. वरचा मजला मात्र अजून बांधायचा आहे. म्हणून प्रमाणपत्र अर्धवट. वर्ग सुरू करायला हरकत नाही, पण सुट्टी संपताना आदराच्या भाषेची तोंडी परीक्षा पुन्हा द्यायची. नापास झाले तर वर्ग शब्दकोशांकडे जाईल. (त्यांनी माझं अभिनंदन केलं. अभिनंदनाचे सात शब्द आहेत, सातही सांगितले.) मुख्याध्यापकांना मी 'झालं' एवढंच कळवलं आहे. अर्ध्याचं बोलले नाही. म्हणून फोन वाजला की दचकते.

मामींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुमची,
भाची

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. मला रोज सरावाला माणूस हवा आहे, आणि या घरात माझ्याशी जपानी बोलणारं कोणी नाही. तेव्हा आदराच्या भाषेचं पुस्तक वेगळ्या टपालाने पाठवते आहे. पहिले धडे तुम्ही पाठ करा आणि रोज संध्याकाळी फोनवर कंपनीचे अध्यक्ष व्हा. तुम्ही जन्मात कोणाला 'आपण' म्हटलेलं नाही, सासऱ्यांनाही नाही, हे मला माहीत आहे. तरी माझ्यासाठी एवढं करा.

ता. क. २. सेन्सेईंना तुमच्याशी बोलायचं आहे. गोदीतली ती बोली आता तिकडेही फारशी ऐकू येत नाही म्हणे. मी नंबर दिला आहे. पण तुम्ही उचलू नका. मामींना उचलू द्या आणि तुम्ही अंघोळीला गेला आहात असं सांगा. रोज.

ता. क. ३. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं म्हणून हे लिहिते. आत्ताच आधी सेन्सेईंचा आणि मग मामींचा फोन येऊन गेला. सेन्सेई म्हणतात, इतकी सुरेख, जुन्या वळणाची आदराची जपानी त्यांनी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. मामा, तुम्हाला ती येत होती? त्यांनी तुम्हाला विचारलं, मग भाचीला का नाही शिकवलीत? तुम्ही म्हणालात म्हणे, 'ती भाषा साहेबांपुढे मान खाली घालून बोलायची. पोरीला कशाला शिकवू? जेवायला बसल्यावर मित्र जी बोलायचे, ती शिकवली.' मी पाकिटातून पत्र परत बाहेर काढलं. आता तीही शिकवा. मान मी माझ्या जबाबदारीवर खाली घालीन, आणि परत वर काढीन. पुस्तक आलं तर परत पाठवा. पण संध्याकाळचे फोन सुरू करायच्या आधी मामींचं काहीतरी बघा. त्या म्हणतात, परक्या बाईशी तासभर इतकं गोड बोलता येतं, तर माझ्याशी का नाही? त्यांना भाषा कळत नाही, पण सूर कळला आहे, आणि तुमचं ताट वाढलेलं नाही.